मारुती मंदिरासमोरील हातपंप

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी बिलोलीच्या एका कचेरीत इंग्रजी टंकलेखक होतो. नव्या जिल्ह्याला माणसं कमी पडत होती, म्हणून माझी बदली झाली. बायको, एक ट्रंक आणि एक स्टोव्ह घेऊन मी एसटीतून लातुरात उतरलो. कचेरी भाड्याच्या इमारतीत होती. एकेका खोलीत दोन-दोन खाती बसायची आणि दारांवरच्या पाट्यांचा रंग अजून हाताला लागायचा. जिल्हा झाल्यानं नेमकं काय मिळालं हे कुणालाच सांगता येत नव्हतं, पण मिळालं याबद्दल सगळे खूश होते.

एके दिवशी एक डाळ मिलवाले शेठ कसल्याशा परवानगीसाठी कचेरीत आले. कपाळाला भस्म, अंगात पांढरी सफारी. साहेब जागेवर नव्हते, म्हणून ते माझ्या टेबलासमोर बसून माझी बोटं बघत राहिले.

"इंग्रजीत पत्र लिहिता येतं का हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "म्हणजे मनानं?"

"येतं."

"मग झालं. तुम्ही आमचे सचिव."

कशाचे सचिव, ते मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. शहरात एक समाजसेवेचा क्लब निघाला होता. असे क्लब सगळ्या जगात असतात, मोठ्या गावांतून असतातच, आणि आता आपण जिल्ह्याचं ठिकाण झालो तर आपल्यालाही हवा, असं चार प्रतिष्ठित मंडळींनी ठरवलं होतं. डाळ मिलवाले शेठ अध्यक्ष, डोळ्यांचे एक डॉक्टर उपाध्यक्ष, एक वकील सल्लागार. बैठक मिलच्या माडीवर भरायची. टेबलावर पितळी घंटा असायची, ती वाजवायला लाकडी हातोडी, आणि खाली भरडा चालू असल्यामुळे घंटा कुणालाच ऐकू जायची नाही. क्लबच्या वरच्या कार्यालयाशी सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत करावा लागे. सेवा मराठीत चालायची, पण ती झाली हे इंग्रजीत कळवल्याशिवाय ती झाली असं धरत नसत. त्यासाठी मी होतो.

क्लबच्या भाषेतही 'जिल्हा' असतो. पण तो चार-पाच सरकारी जिल्हे मिळून होतो आणि त्याच्या प्रमुखाला प्रांतपाल म्हणतात. अध्यक्षांची समजूत अशी की सरकारनं लातूर जिल्हा केला म्हणजे क्लबनंही केला, आणि आता प्रांतपालाची खुर्ची इथंच येणार. मी ते दोन वेगळे जिल्हे असल्याचं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "एक दरखास्त तरी टाईप करा."

तिसऱ्या की चौथ्या बैठकीत कुणीतरी माझं आडनाव विचारलं. तोवर सगळे मला 'सचिव' म्हणायचे. मी आडनाव सांगितलं. खाली मिल चालूच होती. मग वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "आपल्या घटनेत जात, धर्म, पंथ असा भेद नाही. पहिल्याच पानावर आहे." ते पान मीच टाईप केलं होतं, त्यामुळे मला माहीत होतं. नंतर चहा आला. कपबशा सगळ्यांना सारख्याच होत्या हे मी पाहिलं, आणि आपण ते पाहिलं याचा मला स्वतःचाच राग आला.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय करतेत हो तुमच्या क्लबात?"

"समाजसेवा."

"कुणाची?"

"समाजाची."

"हं," असं म्हणून तिनं स्टोव्हला पंप मारला.

पहिल्या वर्षीची आमची मोठी सेवा म्हणजे बसस्थानकावर ठेवलेला सिमेंटचा बाक. पाठीवर क्लबचं नाव रंगवलं. लोक टेकून बसले की नाव झाकलं जायचं. अध्यक्षांनी ते बैठकीच्या पुढच्या कडेवर लिहून घेतलं. तिथं लोकांचे पाय आणि गाठोडी आली. शेवटी बाकाच्या मागं लोखंडी खांब रोवून वर पाटी लावली. ती लांबून दिसायची. पण पाटीची सावली बाकावर पडत नव्हती, म्हणून उन्हाळ्यात तिथं कुणी बसायचं नाही, आणि त्यामुळे पाठीवरचं नावही आता स्वच्छ वाचता यायचं.

डॉक्टरांचं नेत्रशिबिर मात्र खरंच चांगलं झालं, हे सांगायला हवं. डॉक्टर कमी बोलायचे, हाताला हलके होते. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्यामुळे पुन्हा दिसू लागलं. शिबिराच्या फोटोत ते कुठंच नाहीत. फोटो निघाला तेव्हा ते आत पट्ट्या बांधत होते.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात दुष्काळ पडला. आधीचे दोन पावसाळे कोरडेच गेले होते. लातुरात नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि खेड्यांची हालत त्याहून वाईट होती. आमच्या कचेरीत टंचाईचे कागद येऊन पडायचे. मी दिवसभर टँकरची पत्रं टाईप करायचो आणि संध्याकाळी त्याच बोटांनी क्लबची.

क्लबनं एक गाव दत्तक घ्यायचं ठरवलं. कुठलं घ्यावं यावर चर्चा झाली. अध्यक्षांनी मुरुडकडचं एक गाव सुचवलं. तिथं टंचाई आहे, रस्ता बरा आहे, लोक सहकार्य करणारे आहेत, असं ते म्हणाले. ती त्यांची सासुरवाडी होती आणि सरपंच त्यांचा मेहुणा होता, हे ते बोलले नाहीत. ते सगळ्यांना माहीतच होतं. ठराव मी लिहिला: गावात विंधन विहीर घेऊन हातपंप बसवावा, त्यासाठी तीन ठिकाणी प्रयत्न करावा. वकिलांनी तपासून सही केली.

सरपंचांनी पाणाड्या बोलावला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून सबंध गावभर फिरला आणि मारुतीच्या देवळासमोर, म्हणजेच सरपंचांच्या दारासमोर आल्यावर नारळ उभा राहिला. तेवढ्याच भरवशावर संगमरवरी फरशी करायला टाकली. मजकूर अध्यक्षांनी सांगितला, मी लिहून दिला: 'मारुती मंदिरासमोरील हातपंप', खाली क्लबचं नाव, त्याखाली अध्यक्षांचं, आणि उद्घाटक म्हणून जिल्हाधिकारी साहेबांचं. साहेबांची तारीखही मिळाली. फरशी तयार झाली, मांडवाचं सांगून झालं. फक्त पाणी लागायचं राहिलं होतं.

बोअरची गाडी आली तेव्हा मी हजेरीला म्हणून गेलो होतो. गाडीवरचा मुख्य माणूस तमिळ मुलखातला. त्याला हिंदीतले पाच-सहाच शब्द येत होते, पण त्याच्या धंद्याला तेवढे पुरायचे. देवळासमोर पूजा झाली, नारळ फुटला आणि मशीन सुरू झालं. राखाडी धुराळा उडायला लागला. तो दुपारपर्यंत उडतच राहिला. देऊळ, सरपंचांचं दार, अध्यक्षांची सफारी, सगळं एका रंगाचं झालं. शेवटी त्या माणसानं मशीन थांबवलं आणि म्हणाला, "पानी नै. पत्थर."

दुसरा बोअर सरपंचांच्या वाड्याच्या मागं घेतला. तिथंही पत्थरच. अध्यक्ष देवळाच्या पायरीवर बसले. "कलेक्टर येणार," ते एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. "कलेक्टरला काय दाखवायचं? भोक?"

गाडीवाल्याला पुढच्या गावी जायचं होतं. तो मशीन आवरायला लागला. पण एवढी मोठी गाडी गावातल्या बोळात वळेना. वळायला मोकळी जागा एकच होती, ओढ्याच्या पलीकडं, आमच्या लोकांच्या वस्तीसमोर. गाडी तिकडं गेली. मीही मागोमाग गेलो, का ते माहीत नाही. दिवसभर मी कुणाशी फारसं बोललो नव्हतो.

तिथं एका घरासमोर एक उंच, काटक बाई उभी होती. पन्नाशी ओलांडलेली असेल. तिनं गाडीवरच्या पोरांना तांब्याभर पाणी दिलं, मग मला दिलं. त्या दिवसांत ते तांब्याभर पाणी कुठून आणलेलं असणार हे मला माहीत होतं. गावची विहीर आटायच्या आधीसुद्धा वस्तीतल्या बायकांनी विहिरीपासून लांब उभं राहायचं, आणि कुणी घागरीत ओतलं तर न्यायचं, अशीच रीत होती. माझ्या आईनं बिलोलीकडं हेच केलं होतं.

"कुठलं गाव म्हनायचं तुमचं?" बाईनं विचारलं.

"बिलोलीकडचं."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "जय भीम हाय का?"

"हाव. जय भीम, मावशी."

"मंग तोंड का बांधून बसलाव सकाळपून? लई येळ बघायले मी तुमाला. त्या मशिनीला म्हना की, हितं बी एक भोक पाड."

"ते माझ्या हातात नाही, मावशी."

"तुमच्या हातात कागद हाय की," ती म्हणाली.

माझ्या हातात खरंच फाईल होती. मी ती उघडली. ठराव समोरच होता. मी ओढा ओलांडून परत देवळापाशी गेलो. कचेरीत मी साहेबांच्या चुकासुद्धा न विचारता तशाच टाईप करणारा माणूस होतो.

"अध्यक्ष," मी म्हणालो, "ठरावात तीन प्रयत्न लिहिलेत. दोनच झाले. तिसरा न घेता परत गेलो तर वरच्या कार्यालयाला काय कळवायचं?"

"तिसरा कुठं घेणार आता? गाडी तर तिकडं गेली."

"ठरावात 'गावात' एवढंच आहे. कुठं ते नाही. गाडी उभी आहे तिथंच घेऊ."

सरपंच ताडकन उठले. "तिकडं? दाजी, तिकडं कसं?"

अध्यक्षांनी वकिलांकडं पाहिलं. वकिलांनी ठराव वाचला आणि म्हणाले, "वस्तीही गावातच मोडते. कायद्यानं मोडते." डॉक्टर एका कोपऱ्यात उभे होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "घेऊन टाका हो."

अध्यक्षांनी मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पाडू दे. कोरडाच जाणार आहे. निदान तीन केले असं तरी होईल."

तो कोरडा गेला नाही. दिवस मावळायला आला तसा राखाडी धुराळा आधी काळपट झाला, मग त्याचा चिखल झाला, आणि मग मशीनच्या डोक्यावरून पाण्याचा फवारा उसळला. गाडीवाला स्वतःच्या भाषेत काहीतरी ओरडला. वस्तीतली लहानमोठी सगळी माणसं त्या चिखलाच्या पाण्यात उभी राहिली. मावशी मात्र पुढं गेली नाही. ती भिंतीला पाठ लावून, तोंडावर पदर धरून उभी होती. मी बाजूला जाऊन ठराव पुन्हा फाईलला लावत बसलो.

उद्घाटनाला आठवडा होता. ओटा बांधला, पंप बसला. फरशी नव्यानं करायला वेळ नव्हता, म्हणून होती तीच बसवली. जिल्हाधिकारी साहेब तरुण होते, परप्रांतातले होते, मराठी जपून बोलायचे. त्यांनी फरशी वाचली, सभोवार पाहिलं आणि विचारलं, "मंदिर कुठे आहे?"

"समोरच आहे, साहेब," वकील म्हणाले. "जरा लांब आहे, मध्ये ओढा आहे, पण समोरच."

अध्यक्षांचं भाषण झालं. समाजाच्या शेवटच्या माणसापर्यंत पाणी न्यायचं हे आमच्या क्लबचं पहिल्यापासून ध्येय होतं, असं ते म्हणाले. ते बोलत असताना मला दिसत होतं की त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसत चाललाय. साहेबांनी मावशीला बोलावून पहिला हांडल तिला मारायला लावला. पहिला पेला स्वतः घेतला. साहेब प्यायले म्हटल्यावर तहसीलदार प्यायले, तहसीलदारांमागून सगळी कचेरी प्यायली. अध्यक्षांनी डोळे मिटून पेला संपवला. मग पेला सरपंचांकडं आला.

"माझा आज उपास हाय, साहेब," सरपंच म्हणाले.

साहेब हसले. "उपवासाला पाणी चालतं ना?"

सगळं गाव ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभं राहून बघत होतं. सरपंच प्यायले. मावशीनं त्यांचा पेला पुन्हा भरला. "उन्हाचं हाय, अजून घ्या," ती अगदी मायेनं म्हणाली, आणि ते तोही प्यायले.

पुढं काय झालं ते मी नंतरच्या फेऱ्यांत पाहिलं. क्लबला दरमहा अहवाल हवा असायचा, म्हणून मला जावं लागे. पहिले काही दिवस वरच्या गावातलं कुणी आलं नाही. मग टँकर दोनदा चुकला. तिसऱ्या वेळी एक म्हातारी घागर घेऊन ओढा उतरली, तिच्यामागून सुना, आणि आठवड्याभरात सगळं गाव वस्तीत पाण्याला येऊ लागलं. काही बायका आधी हांडलावर पाणी शिंपडून तो शुद्ध करून घ्यायच्या. पण शिंपडायला पाणी हवं तर आधी हांडल धरावा लागायचा. त्यावर कुणालाच तोड सापडली नाही. मावशी ओट्यावर बसून बघायची आणि म्हणायची, "धुवा बाई, धुवा. पंप साफ ऱ्हातो."

तिनं एकच कायदा केला होता. घागर जशी येईल तसा नंबर, मग ती सरपंचाची असो की कुणाची. एकदा सरपंचांच्या घरची बाई पुढं घुसली. मावशीनं तिची घागर उचलली आणि नेऊन रांगेच्या शेवटी ठेवली, अलगद, एक थेंबही न सांडता. आवाज चढवला नाही. ती बाई शेवटी जाऊन उभी राहिली.

त्या वर्षीचा प्रांताचा मेळावा नांदेडला भरला. सामाजिक सलोख्यासाठीची ढाल आमच्या क्लबला मिळाली. अहवाल मी लिहिला होता. शास्त्रशुद्ध पाहणी करून क्लबनं दुर्बल घटकांची वस्ती निवडली, असं त्यात होतं. 'शास्त्रशुद्ध' हा शब्द वकिलांचा, बाकी सगळं माझं. व्यासपीठावर गावाच्या वतीनं कुणीतरी हवं होतं. अध्यक्षांनी मावशीला निरोप धाडला. तिनं उलट निरोप पाठवला की दोन दिवस मी न्हाई म्हनल्यावर हितं रांग कोन लावील? म्हणून मग सरपंच आले. त्यांना शाल मिळाली. सलोख्यावर ते चार वाक्यं बोलले, आणि बोलले चांगलं. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. क्लबचे अध्यक्ष बदलले. नव्या अध्यक्षांचा विषय वृक्षारोपण होता. हातपंपाची साखळी तुटली तेव्हा मी बैठकीत विषय काढला. "तो मागच्या वर्षीचा प्रकल्प आहे," असं उत्तर मिळालं, आणि ते नियमाला धरून होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा कंपाउंडर माझ्या घरी येऊन नवी साखळी ठेवून गेला. कुणाला सांगू नका, असा निरोपही होता.

साखळी घेऊन मी गेलो ती माझी त्या गावातली शेवटची फेरी. माझी नांदेडला बदली झाली होती. वस्तीतल्या एका गड्यानं साखळी चढवली. मी ओट्यावर मावशीशेजारी बसलो. अहवालाची प्रत माझ्या पिशवीत होती.

"काय लिवलंय त्यात?" तिनं विचारलं. "वाचून दावा की."

मी इंग्रजी वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. पाहणी, निवड, तीन प्रयत्न, माननीय जिल्हाधिकारी, माननीय अध्यक्ष. ती लक्ष देऊन ऐकत होती. पान संपलं.

"आन् ह्यात मी कुठं हाय?"

मी पान पुन्हा वरून खाली पाहिलं. ते मीच लिहिलं होतं, तरी पाहिलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. 'स्थानिक लोकांच्या सहकार्याने.' ते तुम्ही."

मावशी खळखळून हसली. "लई लांब नाव ठिवलं की माझं," ती म्हणाली.

मला हसता आलं नाही. मी कागद घडी घालून पिशवीत टाकला. रांगेत दोन घागरी पुढं-मागं झाल्या होत्या. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्या नीट लावायला गेली.